ढोलकपूरचं न झालेलं लग्न

जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात ट्विटरवर एक हॅशटॅग देशभर गाजला: 'जस्टिस फॉर चुटकी'. चुटकी ही 'छोटा भीम' या कार्टूनमधली भीमाची मैत्रीण. बातमी अशी पसरली, की मालिकेचा शेवटचा भाग म्हणे दाखवला गेला आणि त्यात भीमानं चुटकीला सोडून राजकुमारी इंदुमतीशी लग्न केलं. झालं! लोक खवळले. मीम्सचा पाऊस पडला. "आमचं बालपण नासवलं" इथपासून "भीम, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" इथपर्यंत सगळं बोलून झालं. शेवटी मालिका बनवणाऱ्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशन या कंपनीला खुलासा करावा लागला. भीम, चुटकी, इंदुमती ही सगळी अजून लहान मुलं आहेत, लग्नाची बातमी खोटी आहे आणि कृपा करून या लेकरांच्या आयुष्यात प्रेम-लग्न आणू नका, असा त्याचा आशय होता.

म्हणजे ज्या भागानं एवढी निराशा केली, तो भाग नव्हताच. कोणी लिहिला नव्हता, काढला नव्हता, दाखवला नव्हता.

इथं बहुतेकांनी हसून विषय सोडून दिला. मला मात्र तो सोडवत नाही. साहित्याच्या वर्गात आपण 'अपेक्षाभंग' हा शब्द सारखा वापरतो. पण अपेक्षाभंगाला कलाकृती लागतच नाही, नुसती तिची अफवा पुरते, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. हे कसं घडलं आणि त्यातून आपल्याबद्दल काय कळतं, ते या लेखात उलगडून बघू.

आधी ढोलकपूरविषयी थोडं

ज्यांचं बालपण वेगळ्या चॅनलवर गेलं त्यांच्यासाठी: 'छोटा भीम' २००८ साली पोगोवर सुरू झालं. राजीव चिलका यांची ही निर्मिती. त्यांची ग्रीन गोल्ड ही कंपनी हैदराबादची. ढोलकपूर नावाचं एक राज्य, तिथला नऊ वर्षांचा, धोतर नेसणारा, लाडू खाल्ला की अंगात बळ संचारणारा भीम. त्याच्यासोबत चुटकी, छोटा राजू आणि बोलणारं माकड जग्गू. समोर दादागिरी करणारा कालिया आणि त्याचे जुळे चमचे ढोलू-भोलू. वर राजा इंद्रवर्मा आणि त्याची मुलगी इंदुमती. लाडू बनवणारी टुनटुन मौसी ही चुटकीची आई. हे शेवटचं नातं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी मुधोळची. भैंसा आणि बासरच्या मधलं हे मंडलाचं गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा तिकडं गेला आणि आम्ही इकडं राहिलो. त्यामुळं घरात मराठी, बाजारात तेलुगू, बसस्टँडवर दखनी आणि शाळेत इंग्रजी असा आमचा रोजचा कारभार. पोगो आमच्याकडं हिंदीत किंवा तेलुगूत दिसायचं, मराठीत नाही. आम्ही भीम हिंदीत बघायचो आणि खेळताना त्याला मराठीत बोलायला लावायचो. माझा चुलतभाऊ तेलुगूत बघायचा, तरी आमचं जमायचं, कारण ढिशूम सगळ्या भाषांत सारखंच असतं. रविवारी मिस्सा आटोपून घरी पळत यायचं कारण जेवण नव्हे, भीम होता. हैदराबादेत बनलेला हा भीम आम्हाला आपल्याच राज्यातला वाटायचा. न्यूयॉर्क किंवा टोकियो नव्हे, तर गाव, नदी, आंब्याची झाडं, लाडू आणि धोतर. टीव्हीवरचं गाव आपल्या गावासारखं दिसतं, याचं अप्रूप शहरातल्या मुलांना कदाचित कळणार नाही.

या गोष्टींना शेवट का नसतो

आता मूळ मुद्दा. 'छोटा भीम'ला शेवटचा भाग असूच शकत नाही, असं मी म्हणते, ते का?

लहान मुलांच्या बहुतेक कार्टूनची रचना एकाच तत्त्वावर उभी असते: भाग सुरू होताना जग जसं होतं तसंच ते भाग संपताना असलं पाहिजे. संकट येतं, भीम लाडू खातो, संकट जातं, सगळे हसतात. पुढच्या भागात कालियाला मागच्या भागातल्या माराची आठवण नसते. यामागं अगदी व्यवहारी कारण आहे. चॅनल हे भाग वर्षानुवर्षं कोणत्याही क्रमानं पुन्हा पुन्हा दाखवतं. आज संध्याकाळी चार वर्षांचं एखादं पोर आयुष्यात पहिल्यांदा हा कार्यक्रम लावणार असतं आणि त्याला आधीचं काहीच माहीत नसतं. त्यामुळं प्रत्येक भाग त्याला पहिलाच वाटला पाहिजे. एका भागात भीमाचं लग्न लावलं, की पुढं दाखवायचे जुने सगळे भाग शिळे होतात. शिवाय दप्तरं, डबे, वॉटरबॅगा यांवर जो भीम छापलेला असतो तो नऊ वर्षांचाच असतो. त्याला मिशा फुटून चालत नाही.

ही युक्ती फक्त टीव्हीची नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला. तेव्हा त्याला वाचणारी मुलं आता स्वतःच्या मुलांच्या शाळेच्या फिया भरतायत, चिंटू मात्र अजून गृहपाठच टाळतोय. आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही. रोज सकाळी चिंटू तिथंच सापडणार, हा त्याचा आणि आपला करार असतो.

जपानच्या 'डोरेमॉन'ची गोष्ट आणखी मजेची आहे. फुजिको एफ. फुजिओ यांनी हे पात्र १९७० च्या सुमारास मुलांच्या मासिकांत सुरू केलं. ही मासिकं इयत्तेनुसार निघायची. शाळेचं वर्ष संपलं की वाचक पुढच्या इयत्तेत जाणार, म्हणजे त्या मासिकापुरता निरोप घ्यायचा. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी डोरेमॉनचे निरोपाचे प्रसंग लिहिले. १९७४ मधल्या अशाच एका गोष्टीत नोबिता एकट्यानं जियानशी झुंजतो, का, तर डोरेमॉनला निर्धास्तपणे जाता यावं. पण पुढं डोरेमॉन परत आलाच! लेखकालाच तो जाऊ देववला नाही. १९९६ मध्ये फुजिओ वारले, आणि सर्वमान्य असा शेवट लिहायचा राहूनच गेला. मग ती जागा वाचकांनी भरली. नोबिता कोमात होता आणि डोरेमॉन हे त्याचं स्वप्न होतं, ही अफवा आपल्याकडंसुद्धा पोचली. २००५ मध्ये एका चाहत्यानं तर स्वतःच शेवट चितारून विकला: डोरेमॉनची बॅटरी संपते आणि मोठा झालेला नोबिता त्याला पुन्हा जिवंत करतो. तो इतका खपला की प्रकाशकांना हरकत घ्यावी लागली.

यातून एक नियम दिसतो. गोष्टीला शेवट नसला की लोक तो स्वतः बनवतात. आणि बनवलेला शेवट बहुतेक वेळा दुःखाचा असतो.

मग सगळ्यांनी विश्वास का ठेवला?

मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, काळ. २५ मार्च २०२० पासून देश घरात बंद होता. दूरदर्शनवर 'रामायण' परत आलं होतं, त्या एप्रिलमध्ये 'छोटा भीम'ही दूरदर्शनवर आला. आख्खा देश जुन्या गोष्टी पुन्हा बघत होता. सगळंच संपतंय असं वाटायच्या त्या दिवसांत, भीमही संपला, हे ऐकून कोणी "दाखव बरं तो भाग" असं म्हटलंच नाही.

दुसरं, वय. साधा हिशेब करू. २००८ मध्ये नऊ वर्षांचा असलेला प्रेक्षक २०२० मध्ये एकवीस वर्षांचा झाला होता. कायद्यानं मुलाचं लग्नाचं वय एकवीसच. प्रेक्षक मोठा झाला आणि जाताना भीमालाही मनातल्या मनात सोबत घेऊन गेला. पडद्यावरचा भीम नऊ वर्षांचाच राहिला, पण आठवणीतला भीम आपल्याबरोबर बारावीला बसला, कॉलेजात गेला. म्हणून त्याच्या लग्नाची बातमी कोणाला विचित्र वाटली नाही. आपला एखादा शाळासोबती लग्न करतोय, तशी ती वाटली.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: ही अफवा एका जुन्या साच्यात अगदी फिट बसली. आपल्या लोककथांत राज्य वाचवणाऱ्या वीराला काय मिळतं? अर्धं राज्य आणि राजकन्या. भीम दर दुसऱ्या भागात ढोलकपूर वाचवतो, राजाला मुलगी आहे, म्हणजे बक्षीस ठरलेलंच. लोककथेच्या हिशेबानं इंदुमतीच बरोबर. पण २०२० चा प्रेक्षक फक्त लोककथांवर वाढलेला नव्हता. तो हिंदी सिनेमावर वाढला होता, आणि तिथला नियम असा, की लहानपणापासून सोबत असलेल्या, न बोलता प्रेम करणाऱ्या मैत्रिणीलाच शेवटी नायक मिळाला पाहिजे. त्या हिशेबानं चुटकीच बरोबर. अफवेनं पहिला साचा वापरला, म्हणून ती पटली. लोकांनी दुसऱ्या साच्यानं न्याय केला, म्हणून ते चिडले. दोन जुन्या सवयींची टक्कर झाली, आणि मधल्या मधे नऊ वर्षांच्या पोराच्या माथी लग्न आलं.

माझा धाकटा भाऊ ही बातमी मोबाइलवरून मोठ्यानं वाचत होता, तेव्हा आमच्या आजीनं डाळ निवडता निवडता निकाल दिला होता: "असं कसं केलं त्यानं? लाडू खाल्ले चुटकीच्या मायचे अन् लगन राजाच्या पोरीसंगं!" ट्विटरवर हजारो लोक जे सांगू पाहत होते, ते आजीनं एका वाक्यात सांगितलं. राग प्रेमभंगाचा कमी, वर्गाचा जास्त होता. ज्या घरचे लाडू खाऊन बळ आलं, ते घर सोडून पोरगा महालात गेला. आपल्या गावाकडून शहरात गेलेल्या, नोकरी लागल्यावर बदललेल्या कितीतरी भीमांचा राग लोकांनी या भीमावर काढला.

खरोखर फसलेला भाग कसा असतो

तुलनेसाठी एक खराखुरा निराश करणारा भाग घेऊ. 'पोकेमॉन'मधला अॅश १९९७ पासून स्पर्धा खेळत होता. कॅलोस लीगमध्ये तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्याचा ग्रेनिंजा अशा जोमात होता, की यंदा अॅश जिंकणारच असं मालिकाच आपल्याला महिनोन्महिने सांगत होती. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जपानमध्ये दाखवल्या गेलेल्या त्या भागात तो अॅलनच्या मेगा चॅरिझार्डसमोर हरला. मी हा भाग नंतर हिंदीत बघितला, निकाल आधीच माहीत असताना बघितला, तरी राग आला.

हा राग रास्त होता असं माझं आजही मत आहे. अॅश हरला म्हणून नाही. तो आधीही हरला होता आणि ते आम्ही सहन केलं होतं. इथं कथेनं स्वतःच दिलेला शब्द मोडला होता. सगळी पायाभरणी विजयाची होती आणि वर बांधला पराभव. अकराव्या शतकातला काश्मीरचा क्षेमेंद्र औचित्याला काव्याचं जीवित मानतो, म्हणजे जिथं जे शोभतं तिथं ते असणं. कॅलोसचा शेवट त्या कसोटीवर नापास होतो. पुढं २०१९ मध्ये अॅश अलोला लीग जिंकला, तेव्हा जुन्या प्रेक्षकांच्या आनंदात या भागाचीही भरपाई होती.

तिसरा प्रकार 'टॉम अँड जेरी'चा. १९५६ चा 'ब्लू कॅट ब्लूज' हा त्यांचा एक खराच उदास भाग आहे. प्रेमात फसलेले दोघं शेवटी रेल्वेच्या रुळांवर बसलेले दिसतात. हा त्यांचा शेवटचा भाग होता, असं छातीठोकपणे सांगणारे लोक तुम्हालाही भेटले असतील. प्रत्यक्षात त्याच निर्मात्यांच्या हातचे टॉम आणि जेरी १९५८ पर्यंत चालू होते, आणि पुढं इतरांनी त्यांना आजतागायत पळवलंय.

म्हणजे निराशेचे तीन प्रकार झाले. कॅलोसमध्ये भागही खरा, निराशाही खरी. टॉम-जेरीत भाग खरा, पण 'शेवटचा' हे बिरुद खोटं. आणि भीमाच्या बाबतीत भाग खोटा, निराशा तेवढी खरी. एखाद्या भागावर चिडण्याआधी तो यातल्या कुठल्या खान्यात बसतो, एवढं बघितलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

चुटकीला न्याय म्हणजे काय?

आता जे मला मनापासून म्हणायचं आहे त्याकडं येते.

त्या आठवड्यात सगळे चुटकीसाठी न्याय मागत होते. पण न्याय म्हणजे काय हवं होतं त्यांना? भीमाशी लग्न. बस्स. चुटकी धाडसी आहे, हुशार आहे, भीमाच्या बरोबरीनं संकटात उतरते. तरी कितीतरी भागांत तिचं काम लाडू आणून देणं एवढंच असतं. लाडू तिच्या घरचे, बळ भीमाचं. तिला कधी लाडू खाऊन राक्षसाशी लढू दिलंय का, हा प्रश्न त्या हॅशटॅगखाली फारसा कोणी विचारलेला मला दिसला नाही. इंदुमतीची तर आणखी कमाल. तिला काय हवंय, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. ती बक्षीस होती, आणि बक्षिसाला कोण विचारतं?

एक गोष्ट सगळेच विसरले होते, ती कंपनीच्या खुलाशात होती: ही मुलं आहेत. नऊ वर्षांची, त्याहून लहान. तो खुलासा वाचून लोक हसले. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, त्याचं कारण सांगते.

मी २०२० मध्ये दहावीला होते. आमचे काही पेपर मार्चमध्ये झाले, बाकीचे लटकले, आणि ८ जूनला तेलंगणा सरकारनं परीक्षा रद्द करून सगळ्यांना पास केलं. म्हणजे चुटकीचा हॅशटॅग आणि आमचा निकाल साधारण एकाच सुमारास आला. सगळे पास, सगळे खूश. पण आमच्या वर्गातली एक मुलगी पुढं कॉलेजात आलीच नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं. घरात मोजकी माणसं, मांडव नाही, जेवणावळ नाही, खर्च कमी. "आत्ताच उरकून घेऊ" हे वाक्य त्या वर्षी आमच्या भागात बऱ्याच घरांत बोललं गेलं. लॉकडाऊनमध्ये बालविवाह वाढतायत, ही चिंता बालहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थाही तेव्हा बोलून दाखवत होत्या. २००६ च्या कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय अठरा आहे. तिला सोळा पूर्ण झाली होती की नाही, मला शंका आहे. तिच्यासाठी कोणी हॅशटॅग केला नाही. तिच्या बाबतीत तो भाग अफवा नव्हता.

ती आणि मी लहानपणी भीम-भीम खेळायचो. तिला चुटकी व्हायला आवडायचं नाही. "मी भीम होते, तू लाडू आण," म्हणायची, आणि व्हायचीही.

म्हणून मला वाटतं, चुटकीला न्याय द्यायचाच असेल तर तिचं लग्न भीमाशी लावून तो मिळणार नाही. तिच्या नावानं एक भाग लिहावा लागेल. त्यात ढोलकपूरवर संकट यावं, भीम गावाला गेलेला असावा आणि लाडवांचा डबा चुटकीच्या हातात असावा. तिनं तो कोणाला नेऊन देऊ नये, स्वतः उघडावा. आणि मालिकेचा नियम आहे तसं, सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा खेळायला यावी, कालच्याच वयाची.

शेवटचा भाग नसणं ही या कार्टूनची उणीव आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, त्यांनी मुलांना दिलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तिथं कोणालाही उरकून टाकत नाहीत.